देवाचे पदक आणि जन्माचा संशय

पांडुरंगाच्या गळ्यातले पदक नाहीसे झाले, ही जनाबाईच्या चरित्रातली कथा वारकऱ्यांच्या घरी लहान पोरालाही ठाऊक असते. देव रात्री जनीकडे गेला, काकडआरतीची वेळ झाली तसा घाईने उठला, शेला आणि पदक तिथेच विसरला, आणि जनीची वाकळ पांघरून राऊळात येऊन उभा राहिला. बडव्यांनी दार उघडले तो पदक नाही! वाकळ ओळखीची निघाली, जनीच्या खोपटात पदक सापडले, आणि तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेले. पुढे सुळाचे पाणी झाले. कीर्तनकार या जागी मृदंगाला खूण करतात, मंडपात विठ्ठलनामाचा गजर होतो, आणि कथा तिथे आटोपते. चोखोबांच्या चरित्रातही तोच प्रकार. देवाचा हार त्यांच्यापाशी आढळला म्हणून बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली, आणि तेथेही भगवंतालाच धावून यावे लागले.

आम्हांस या दोन्ही कथांत चमत्काराच्या अगोदरची घटका अधिक विचार करण्याजोगी वाटते. राऊळाला रात्री कुलूप होते. आत दासीला थारा नव्हता. मग तिची वाकळ देवाच्या अंगावर आली कशी? चोरी करायला आलेली बाई आपली एकुलती एक वाकळ देवाला पांघरून जाईल काय? पुरावा बडव्यांच्या डोळ्यांपुढे होता आणि तो जनीच्या बाजूने साक्ष देत होता. वाचला गेला तो मात्र तिच्या विरुद्ध. चोखोबांचे तर त्याहून नवल. ज्याला पायरीच्या वर पाऊल टाकण्याची मनाई, त्याच्यावर गाभाऱ्यातला हार नेल्याचा आळ! दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढा साधा विचार कोणी केला नाही. ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या, ज्यांची भांडारात नित्य ये-जा होती, त्यांची झडती झाल्याचे कथेत कुठेही नाही.

आता हे बडवे दुष्ट होते असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु कथा तसे म्हणत नाही. जनीशी त्यांचे वैर नव्हते. घरी ती माणसे लेकराबाळांत प्रेमळही असतील, सोवळ्याओवळ्यात चोख असतील. त्यांना जनीचा द्वेष करण्याची गरजच पडली नाही. दागिना हरवला की पाय कोणत्या दारी वळायचे, ते कित्येक पिढ्या अगोदर ठरून गेले होते. वाट मळलेली होती. ते फक्त तिच्यावरून चालले.

द्वेषावाचून चालणाऱ्या या भेदाला अलीकडच्या काळात निराळे नाव मिळाले आहे. अमेरिकेत काळ्या लोकांच्या चळवळीतले स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली आपल्या ग्रंथात वंशद्वेषाचे दोन प्रकार सांगितले. १९६३ साली बर्मिंगहॅम गावी चर्चमध्ये बाँब ठेवून चार काळ्या मुलींचा जीव घेतला गेला, हा एक प्रकार. तो सर्वांना दिसतो, सर्व जण धिक्कारही करतात. पण त्याच गावात काळ्यांची अर्भके पुरेसे अन्न, धड घर आणि औषध यांवाचून दरवर्षी मरत होती. त्यांचा मारेकरी दाखवता येत नाही. इस्पितळ कुठे बांधावे, घर कोणाला भाड्याने द्यावे, कामावर कोणाला घ्यावे, असे हजार लहान-लहान निर्णय मिळून ती मरत होती, आणि त्यांतला एकही निर्णय करणारा माणूस स्वतःला खुनी समजत नव्हता. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी संस्थांतला वंशद्वेष म्हटले. आम्ही आपल्या सोयीसाठी त्याला दप्तरातला भेद म्हणू.

अमेरिकेचे उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, "ते गोऱ्या-काळ्यांचं झालं, आपल्यात ते कुठं?" जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले तेव्हा ते पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. दोन्हीकडचे दुखणे एकाच जातीचे आहे हे पुण्यात बसून त्यांना दिसले होते. तिकडून इकडे पाहणाऱ्यालाही ते दिसले. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली हिंदुस्थानात आले असता केरळातल्या एका शाळेत, जिथे पूर्वी अस्पृश्य मानलेल्यांची मुले शिकत, तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य' अशी करून दिली. किंग प्रथम चपापले, मनातून दुखावलेही. पण घडीभर विचार केल्यावर त्यांना ते नाव मान्य करावे लागले, असे त्यांनीच पुढे आपल्या प्रवचनात सांगितले आहे.

दूरदेशीचे पुरे. आता घराजवळ येऊ. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडच्या पुढे आणि टिटवाळ्याच्या अलीकडे आंबिवली स्टेशन लागते. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत माळकरी पुष्कळ. हरिनाम सप्ताह, काल्याचे कीर्तन, पंढरीची वारी यांत ही गावे कोणाला हार जाणारी नव्हेत. टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारे, पनवेल-पंढरपूर करून आलेले, भाजीच्या पाट्या नेणारे असे सर्व एकाच गाडीत दाटीवाटीने बसतात. आणि आंबिवली जवळ आली की डब्यात हमखास कोणीतरी, तेही मोठ्या प्रेमाने, शेजाऱ्याला म्हणतो, "माऊली, गळ्यातलं सांभाळा बरं, इराण्यांची वस्ती आली."

आंबिवलीची इराणी वस्ती पोलीस ठाण्यांना आणि वर्तमानपत्रांना पाठ आहे. यांचे पूर्वज इराणातून आले. शिया पंथाची ही मंडळी. एके काळी घोड्यांचा व्यापार, मागाहून चष्मे, खडे असे किरकोळ जिन्नस विकत गावोगाव फिरणारी. सोनसाखळी ओढणे, पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांचे दागिने उतरवून घेणे, अशा गुन्ह्यांत या वस्तीतल्या कित्येकांना अटक झाली आहे. त्यांना पकडायला आलेल्या पथकांवर दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. २०२४ च्या डिसेंबरात तर आंबिवली स्टेशनातच असा प्रकार घडला. हे आम्ही लपवीत नाही. ज्या माऊलीचे मंगळसूत्र गेले तिचे दुःख लहान नाही, आणि दगड मारणाऱ्याचे समर्थन कोणी करू नये.

परंतु एक गोष्ट पाहा. मुंबईच्या माणसाला 'इराणी' म्हटले की चहा आणि मस्कापाव आठवतो. कोपऱ्यावरचे हॉटेल, संगमरवरी टेबल, काचेच्या बरण्या! ते इराणी निराळे, बहुतेक जरथुष्ट्री धर्माचे. पण शब्द तोच, मुलूखही तोच. एकाच शब्दाने दादरला तोंडाला पाणी सुटते आणि आंबिवलीला हात गळ्याकडे जातो. शब्दात ना चहा आहे ना चोरी. जे आहे ते आपण त्यात भरले आहे.

आणखी एक. आंबिवलीच्या लगत मोहन्याला एन. आर. सी. ची प्रचंड गिरणी होती, रेयॉनचा धागा काढणारी. २००९ साली ती बंद पडली आणि हजारो कामगारांच्या घरी चूल विझण्याची पाळी आली. त्यांचे हाल कशाने झाले असे विचारले तर लहान मूल सांगेल : गिरणी बंद पडली, देणी थकली. म्हणजे कारण बाहेरचे. त्यांच्यापैकी कोणाचा मुलगा वाईट मार्गाला लागला तर लोक म्हणतील, "काय करणार, बापाची नोकरी गेली." स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला राहणाऱ्या इराण्याच्या मुलाबाबत कारण विचारा. उत्तर येते, "त्यांचं रक्तच तसं." एकाच स्टेशनावर उतरणाऱ्या दोन मुलांसाठी आपल्याजवळ दोन शास्त्रे आहेत. एकाला परिस्थिती, दुसऱ्याला रक्त.

हे रक्ताचे शास्त्र आले कोठून? त्याची तारीख सांगता येते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमातच्या जमात गुन्ह्याला सोकावलेली आहे असे सरकारने जाहीर करावे, की त्या जमातीतल्या माणसांची नावे नोंदवहीत चढत. ज्याने काही केले नाही त्याचेही चढे. मग ठराविक वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा, परवान्यावाचून सापडला तर शिक्षा. पुढे बोटांचे ठसे आले, काटेरी तारांच्या वसाहती आल्या, मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची तरतूद आली. १९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरची वसाहत जुन्या लोकांच्या स्मरणात होती.

आणि वाचकांनी इथे नीट लक्ष द्यावे. हा कायदा करताना गोऱ्या अंमलदाराने जो युक्तिवाद केला तो त्याने विलायतेतून आणला नव्हता. तो म्हणाला, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, धंदे जन्माने चालतात. तेव्हा चोरीचा धंदाही जन्मानेच चालत असला पाहिजे! म्हणजे तर्क आपलाच. आपल्या घरातली काठी त्याने उचलली आणि आपल्यातल्याच दुबळ्यांच्या पाठीत घातली. साहेब गेला, काठी कोपऱ्यात उभीच आहे.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, पारधी, रामोशी, वडार, छप्परबंद अशा जमाती त्या दिवसापासून 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्रात विमुक्त जातींची १४ नावे आहेत. इराण्याचे नाव त्या यादीत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण संशय एकदा जमातवारीने करायची सवय लागली, की नवीन नाव चढवायला कायदाही लागत नाही. वर्तमानपत्राचा मथळा पुरतो. चोर मराठा, ब्राह्मण किंवा आगरी निघाला तर मथळ्यात त्याचे वय असते, गाव असते, जात नसते. इराणी निघाला तर प्रथम 'इराणी' असते.

आता त्या वस्तीतला एखादा मुलगा, ज्याने उभ्या जन्मात कोणाच्या गळ्याला हात लावला नाही, तो नोकरीचा अर्ज भरतो असे धरून चला. नाव लिहिले, शिक्षण लिहिले, पत्त्याच्या रकान्यात आंबिवली आणि वस्तीचे नाव लिहिले. अर्ज वाचणारा कारकून सज्जन आहे, संध्याकाळी हरिपाठाला बसणारा आहे. तो काही वाईट बोलत नाही. अर्ज फक्त चळतीच्या तळाशी जातो. घरमालक काही वाईट बोलत नाही. "खोली दिली गेली हो" एवढेच म्हणतो. हवालदारही वाईट नाही. वरून हुकूम आला, साखळी गेली, तो यादी काढतो आणि यादीत पहिला जो पत्ता आहे तिथे जातो. मुलाला धंदा मिळत नाही, दुसरीकडे राहायला मिळत नाही, आणि पोलिसांची गाडी दाराशी येणे चुकत नाही. आठ-दहा वर्षांनी तो कंटाळून वाकड्या वाटेला लागला, तर तिघेही म्हणणार, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" या कामी कोणा एकाला पाप लागले असे सांगता येत नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षे चालू शकते.

वाल्या कोळ्याची कथा आपण किती आवडीने सांगतो! वाटमारी करणारा वाल्या नामाने वाल्मीकी झाला. पण ती कथा घडली, कारण नारदांजवळ नोंदवही नव्हती. असती तर अंगावर वारूळ चढल्यावरही शिपाई महिन्याच्या महिन्याला येऊन वारुळाची हजेरी घेऊन गेला असता. आणि वाल्याच्या मुलाबाळांना, नातवंडांना 'वाल्याची टोळी' हेच नाव राहिले असते. इतिहासातही पाहा. रामोशी उमाजी नाइकांना इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिले, महादेव कोळी राघोजी भांगऱ्यांना १८४८ साली आमच्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. सरकारी कागदांत दोघेही दरोडेखोर. आज त्यांच्या जयंत्या होतात, पुतळे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या दप्तराने त्यांना दरोडेखोर म्हटले त्याच दप्तराने त्यांच्या भाईबंदांना जन्मतः गुन्हेगार म्हटले. ते एक पान खोटे म्हणून आपण फाडले, बाकीची वही खरी धरून चाललो आहोत.

येथे आमचे वारकरी स्नेही एक आक्षेप घेतात, आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. ते म्हणतात, "अहो, हे सगळं मनाच्या मळामुळं होतं. नाम घ्या, अंतःकरण शुद्ध करा, भेद आपोआप गळून पडेल. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, तिथं जात कोण विचारतो?" वारीतल्या त्या नमस्काराचे मोल आम्ही जाणतो. जगात दुसरीकडे कुठे श्रीमंत म्हातारा गरीब पोराच्या पाया पडत असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु या आक्षेपाला उत्तर आमचे नव्हे, पंढरीचेच आहे.

चोखोबांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीशी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. परंपरा ते वर्ष १३३८ सांगते. तेव्हापासून सहाशे वर्षांहून अधिक काळ लाखो वारकरी त्या समाधीला हात लावून, डोळे पुसून, आत दर्शनाला गेले. चोखोबांचे जातभाई मात्र समाधीपाशीच थांबले. आत जाणाऱ्यांच्या मनात चोखोबांविषयी द्वेष होता काय? मुळीच नाही, भक्ती होती, आणि ती खोटी नव्हती. सहाशे वर्षांची शुद्ध भक्ती त्या दाराची एक कडी काढू शकली नाही. ती निघाली ती साने गुरुजींनी गावोगाव हिंडून लोकमत जागे केले, १ मे ते १० मे १९४७ असे दहा दिवस पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तेव्हा. पुढे बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्याने काढले, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटायला २०१४ साल उजाडले. इतका काळ का लागला? कारण हक्क मनात नव्हता, कागदावर होता. आणि कागद नामस्मरणाने विरघळत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींना उत्तर देताना संतांविषयी जे लिहिले ते वारकऱ्याला झोंबते. संतांनी देवाच्या दृष्टीने सर्व माणसे समान असे सांगितले. माणसाने माणसाशी समान वागावे म्हणून ते झगडले नाहीत. आणि पहिली गोष्ट मानायला कोणालाच जड जात नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आम्हांस हे पुरते मान्य नाही. नाथांनी श्राद्धाचे अन्न कोणाला वाढले ते आम्ही विसरलेलो नाही. तुकोबांच्या पालखीचा देहूतला पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी होतो, तो उगाच नव्हे. पण बाबासाहेबांचे बोट ज्या जागेवर आहे ती जागा दुखरी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. संतांनी जे केले ते आपण कथेत ठेवले, आणि जे चालत आले होते ते व्यवहारात ठेवले. इरावतीबाई कर्वे पालखीबरोबर पंढरीला चालत गेल्या, तेव्हा एकाच दिंडीतली माणसे दिवसभर एक अभंग गाऊन जेवायला जातवार वेगळी बसत, हे पाहून त्यांना वाईट वाटले. त्यांनी ते लिहून ठेवले आहे. त्या पंक्तीत बसलेल्यांना विचारले असते तर प्रत्येकाने शपथेवर सांगितले असते की आमच्या मनात भेद नाही. आणि ते खरेच बोलले असते.

नाथांच्या भारुडांचे घ्या. वासुदेव, जोशी, गोंधळी, पांगुळ यांची सोंगे आणून आपण सप्ताहात किती रंग भरतो! हे सगळे भटके. त्यांची सोंगे आपल्याला प्रिय. ती माणसे दाराशी आली तर? १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी आली अशी अफवा होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच ठार केले. त्यांतले बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले, म्हणजे चोखोबांच्या भूमीतले. आषाढी तीन आठवड्यांवर आली होती. मारणारे सगळे जन्माचे क्रूर होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांना अफवेने एक प्रश्न दिला, आणि उत्तर तयारच होते : फिरस्ता, अनोळखी, झोळीवाला. बडव्यांनी वाकळ वाचली तशी यांनी झोळी वाचली.

मग करावे काय? मन शुद्ध करू नये असे आमचे म्हणणे नाही, ते करावेच. पण दप्तर निराळे तपासावे लागते, आणि ते कामही कोणीतरी करीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामाची वाटणी रद्द केली. स्वयंपाक वरच्या जातीला आणि झाडलोट खालच्या जातीला, अशी कलमे स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावरही छापील पुस्तकांत होती! त्याच निकालात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारी कलमे काढली आणि त्यांच्यातल्या कोणाला मनमानीने अटक होऊ नये अशी ताकीद दिली. हे एका बाईने, एका पत्रकाराने, नियमावल्या एकेक करून वाचल्यामुळे घडले. आपणही आपल्या हातातल्या वह्या वाचाव्यात. सप्ताहाच्या वर्गणीची यादी कोणत्या आळीपाशी थांबते, दिंडीच्या तंबूत कोणाला जागा मिळते, पंचायतीच्या, सोसायटीच्या, गाळ्याच्या करारात कोणत्या पत्त्याचा माणूस चालत नाही, हे काही वेदान्ताचे कठीण प्रश्न नव्हेत. कागद काढला की दिसते.

राहिला एक शेवटचा आक्षेप, आणि तो डब्यातल्या त्या प्रेमळ माणसाचा आहे. "महाराज, हे सगळं ठीक, पण ज्या बाईची साखळी गेली तिनं काय करायचं? संशय घ्यायचाच नाही का?" घ्यावा, जो चोर आहे त्याचा घ्यावा. जमातीवर घेतलेला संशय त्या बाईच्याही कामाचा नाही, हे सांगायला एकच प्रकरण पुरे आहे. नाशिक जिल्ह्यात २००३ च्या जूनमध्ये एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाला. पुढे सहा जणांना धरले. भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. नाशिकच्या न्यायालयात त्यांना २००६ साली फाशी सुनावली गेली, २००९ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. मग फेरविचार झाला, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जण निर्दोष ठरवून सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. हे गरीब, भटक्या जमातीतले लोक असल्यामुळे त्यांना खोटे गोवले असण्याचा संभव नाकारता येत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले. तोवर त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतला एक तर धरला तेव्हा अजाण वयाचा होता.

आणि त्या झोपडीतून जी बाई वाचली होती, तिने गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून चार माणसे ओळखून दाखवली होती. ती या सहांतली नव्हती. तिचे बोट त्या चार चेहऱ्यांवर होते, ते कागदावर लिहिलेही गेले होते. सोळा वर्षे त्या चौघांचा माग कोणी काढला नाही.